विचारमंथनाचा बाजार

जाहिरातीचा धंदा तेवढा हलका आणि वाङ्मयाचा तेवढा थोर, असला सोंवळा पक्ष घेऊन प्रस्तुत लेख लिहिलेला नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. विकणाऱ्यानें आपल्या मालाचे गुण चार शब्दांत सांगावे, ते नीटनेटके सांगावे, आणि ते शब्द जुळविणाऱ्याला त्याचा योग्य मोबदला मिळावा, यांत गैर कांहींच नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. गेल्या कांहीं वर्षांत या धंद्यांत एक नवें शास्त्र बोकाळलें आहे. नाटकमंडळ्या, विनोदी प्रयोग करणारीं पथकें, दूरचित्रवाणीच्या मालिका लिहिणारीं लेखकमंडळें आणि चित्रपटांचे कारखाने यांत चार माणसें एकत्र बसून ज्या रीतींनीं कलाकृति घडवितात, त्या रीती उचलाव्या आणि त्यांच्या जोरावर बाजारी मजकूर झपाट्यानें पाडावा, असें हें शास्त्र सांगतें. त्यावर पुस्तकें निघतात, शिबिरें भरतात, आणि शिबिरांची फीही कांहीं थोडीथोडकी नसते. ‘सर्जनशील सहकार्य’ असें त्याचें भारदस्त नांव आहे. नांव जितकें भारदस्त, तितकीच त्यामागची समजूत पोकळ आहे, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु.

या शास्त्राचा प्रयोग कसा होतो, हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. सहा-आठ तरुण स्त्रीपुरुष एका मेजाभोंवतीं बसतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटविण्याची सोय असते. मध्यें घड्याळ ठेवलेलें असतें. विषय एखाद्या केशतेलाचा, एखाद्या शिकवणी-वर्गाचा, नाहीं तर कर्जाऊ पैसे देणाऱ्या एखाद्या पेढीचा. नियम असा कीं, एकानें कांहीं सुचविलें तर दुसऱ्यानें ‘नाहीं’ म्हणावयाचें नाहीं. ‘होय, आणि’ असें म्हणून त्या कल्पनेला आणखी एक शेपूट जोडावयाचें. पाऊण तास संपतो तों भिंत चिठ्ठ्यांनीं भरून जाते. त्यांतल्या वीस-पंचवीस वेंचून त्यांचे तितकेच मजकूर करावयाचे, आणि महिनाभर रोज एक याप्रमाणें ते लोकांच्या डोळ्यांपुढें नाचवावयाचे. या मजकुराला ‘कंटेंट’ म्हणतात. भांड्यांत जें भरावयाचें तें कंटेंट. भांडें रिकामें दिसूं नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा!

या पद्धतीचे पुरस्कर्ते तीन गोष्टी गृहीत धरून चालतात. एक, एका डोक्यापेक्षां आठ डोकीं एकत्र बसलीं म्हणजे अधिक सुचतें. दुसरी, परीक्षणाला दाराबाहेर ठेवलें म्हणजे प्रतिभा मोकळी होते. तिसरी, कलावंत असेंच करितात, आणि म्हणूनच त्यांचें काम भराभर होतें. या तिहींपैकीं एकही गोष्ट कसोटीला उतरत नाहीं.

पहिली गोष्ट घ्या. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ ही रीत कलेच्या प्रांतांतून व्यापारांत आली, असा अनेकांचा समज आहे. तिचा जन्मदाखला पाहिला तर ती जाहिरातदाराच्याच घरीं जन्मलेली निघते. ॲलेक्स ऑस्बॉर्न हे अमेरिकेंतील बी. बी. डी. ओ. या बड्या जाहिरात-संस्थेच्या चालकांपैकीं एक. त्या नांवांतील शेवटचा ‘ओ’ त्यांचाच. त्यांनीं 1939 च्या सुमारास आपल्या कचेरींत अशा बैठका सुरू केल्या, आणि 1953 सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांचे चार नियम सांगितले: टीका करूं नये, मनांत येईल तें बेधडक बोलावें, संख्या वाढवावी, आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड द्यावी. म्हणजे आज ज्याला कलेकडून घेतलेलें ऋण म्हणून मिरविलें जातें, त्यांतला निम्मा ऐवज घरचाच आहे.

बरें, ही घरची रीत तरी खरी ठरली काय? 1958 सालीं येल विद्यापीठांतील टेलर, बेरी व ब्लॉक या तिघांनीं ती पारखून पाहिली. चार-चार जणांचे गट एकत्र बसविले, आणि तितक्याच माणसांना निरनिराळें बसवून त्यांच्या कल्पना मागाहून एकत्र केल्या. एकएकट्यानें विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना, एकत्र बसलेल्या चौघांच्या कल्पनांहून संख्येनें पुष्कळच अधिक भरल्या, आणि गुणांतही त्या सरस ठरल्या. 1987 सालीं डील व स्ट्रोबे या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं याचें मुख्य कारण दाखवून दिलें, आणि तें अगदीं साधें आहे. एक माणूस बोलत असतांना बाकीच्यांना थांबावें लागतें. थांबतांना स्वतःची कल्पना विसरावयास होते, किंवा ती आतां शोभणार नाहीं असें वाटून गिळली जाते. आपल्या घरांतील लग्नाच्या बैठकी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हें कळावयास प्रयोगशाळेची गरज नाहीं. सर्वांत मोठ्यानें बोलणाऱ्या काकांचें मत तेंच बैठकीचें मत ठरतें, आणि ज्या बाईला खरी माहिती असते ती चहाचे पेले मोजीत बसते.

आतां दुसरी गोष्ट, परीक्षणाला दाराबाहेर ठेवण्याची. ‘होय, आणि’ हा मंत्र शिकागो शहरांतील आयत्या वेळीं रचलेल्या नाट्याच्या परंपरेंतला. या परंपरेची मूळ गुरु म्हणजे व्हायोला स्पोलिन. हल हाउस या लोकसेवेच्या संस्थेशीं संबद्ध असलेल्या नेव्हा बॉइड यांच्या हाताखालीं त्या शिकल्या, मुलांना व परदेशांतून आलेल्या कुटुंबांना खेळांतून नाट्य शिकवितां शिकवितां त्यांनीं आपली पद्धति बसविली, आणि 1963 सालीं ती ग्रंथरूपानें मांडली. त्यांच्या चिरंजीवांच्या पुढाकारानें 1959 सालीं ‘सेकंड सिटी’ ही प्रसिद्ध मंडळी उभी राहिली. आज या मंडळीचा व्यापारी संस्थांना शिकवणी देणारा स्वतंत्र विभाग आहे; तेव्हां उसनवारीचा माल कोणत्या दुकानांतून येतो हें वेगळें सांगावयास नको.

परंतु स्पोलिनबाईंच्या शिकवणीचा गाभा काय होता? नाकारलें जाण्याच्या भीतीपासून नटाला सोडवावें, हें तर त्यांनीं सांगितलेंच. पण वाहवेच्या लालसेपासूनही त्याला सोडवावें, हें त्यांनीं तितक्याच आग्रहानें सांगितलें. कचेरींतल्या बैठकींत मात्र निंदेला बंदी आणि वाहवा सक्तीची! शिवाय रंगभूमीवरील ‘होय’ हा दोन नटांमधला करार असतो. प्रेक्षकांनीं त्यावर सही केलेली नसते. प्रयोग पडला तर समोरची शांतता त्याच क्षणीं ‘नाहीं’ म्हणते. त्या मंडळींतही आयत्या वेळीं सुचलेले प्रसंग प्रेक्षकांपुढें पुन्हां पुन्हां करून, जे टिकतील तेवढेच कायमच्या कार्यक्रमांत घेण्याची वहिवाट आहे. म्हणजे परीक्षणाला हांकून दिलेलें नाहीं. त्याला प्रेक्षागृहांत बसविलें आहे.

आपल्याकडील दशावताराचेंच पाहा. कोकणांतल्या या खेळांत लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतें, पात्रें वांटलीं जातात, आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. वरवर पाहणाऱ्याला वाटेल कीं, मनाला येईल तें बोलण्याची ही मुभाच आहे. पण त्या नटाच्या कानांत पुराणकथा लहानपणापासून मुरलेल्या असतात. कोणत्या पात्राच्या तोंडीं कोणती भाषा शोभते हें त्यानें थोरल्यांच्या मागें उभें राहून वर्षानुवर्षें ऐकलेलें असतें. आणि समोर बसलेल्या गांवकऱ्यांनाही कथा तितकीच पाठ असल्यामुळें चुकलेला शब्द पचत नाहीं. हजरजबाबीपणा हें त्या झाडाचें फळ. मुळाशीं वीस वर्षांची मशागत असते. फळ तेवढें तोडून आणून आपल्या कुंडींत खोंचलें म्हणजे झाड लागत नाहीं.

तिसरी गोष्ट वेगाची. येथें अमेरिकन दूरचित्रवाणीवरील लेखकांच्या खोलीचा दाखला हटकून दिला जातो. 1950 ते 1954 या काळांत सिड सीझर यांचा ‘युअर शो ऑफ शोज’ हा दीड तासाचा कार्यक्रम दर शनिवारीं थेट सादर होई. मेल टॉल्किन, ल्युसिल कॅलन, मेल ब्रुक्स, नील सायमन अशीं माणसें एका खोलींत बसून तो लिहीत. आठवड्याला दीड तासाचा विनोद, हा वेग खराच. पण ती आठ दिवसांनीं बदलणारी भाडोत्री टोळी नव्हती. एकमेकांचा विनोद नाकारण्याचा अधिकार जिथें मुरलेला आहे अशी ती खोली होती, आणि पुढें सायमन यांना तिच्यावर एक अख्खें नाटक लिहितां आलें इतके तिच्यांत खटके उडत. आजही त्या देशांतील मालिकांच्या खोलींत कथेचा सांगाडा सर्वांनीं मिळून ठरविला, तरी एकेक भाग एकेका लेखकाकडे सोंपविला जातो. तो एकटा बसून लिहितो. त्याचें नांव पडद्यावर येतें. श्रेयाचा तंटा पडला तर लेखकांचा संघ निवाडा करितो. सर्वांवर एक प्रमुख असतो आणि अंतिम जबाबदारी त्याची असते. 2023 सालीं याच लेखकांनीं 2 मे पासून 27 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे 148 दिवस, संप केला. त्यांच्या मागण्यांत खोलींत किमान किती लेखक असावे हाही मुद्दा होता, आणि यंत्रानें लिहिलेल्या मजकुराला लेखकाचा दर्जा देऊं नये हाही होता. कारण खर्च व वेळ वांचविण्यासाठीं निर्माते त्या खोल्या आंखूड करीत चालले होते. ज्यांच्या पद्धतीचा वेगासाठीं दाखला द्यावयाचा, तेच लोक या वेगाविरुद्ध पांच महिने रस्त्यावर उभे होते, ही गोष्ट शिबिरांतून सांगितली जात नाहीं.

चौथें प्रिय उदाहरण पिक्सार या चित्रपटसंस्थेचें. तिचे एक संस्थापक एड कॅटमल यांनीं 2014 सालच्या पुस्तकांत ‘ब्रेनट्रस्ट’ नांवाच्या बैठकीचें वर्णन केलें आहे. या बैठकींत अनुभवी दिग्दर्शक दुसऱ्याचा अपुरा चित्रपट पाहतात आणि त्यांतील दोष तोंडावर, स्पष्टपणें सांगतात. मात्र ते दोष कसे काढावे हें ठरविण्याचा अधिकार त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाकडेच राहतो. म्हणजे ही सभा मुळीं टीकेसाठींच भरते, आणि एकेका चित्रपटावर वर्षानुवर्षें चालते. घाईचा प्रसंग त्यांच्यावरही आला. 1999 सालचा ‘टॉय स्टोरी 2’ हा चित्रपट त्यांनीं सुमारें नऊ महिन्यांत जवळजवळ नव्यानें उभा केला. चित्रपट उत्तम झाला. पण काम करणाऱ्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोकांना हातामनगटांचीं दुखणीं जडलीं, आणि असा प्रसंग पुन्हां येऊं देणार नाहीं असा धडा आपण घेतल्याचें कॅटमल स्वतःच नमूद करितात. उसनवारी करणाऱ्यांनीं या कथेंतून नऊ महिने उचलले आणि मनगटें सोडून दिलीं.

सारांश, ज्या ज्या मंडळींचें नांव घेतलें जातें, त्या प्रत्येकीच्या पद्धतीला दोन बाजू आहेत. एक मोकळीक देणारी आणि दुसरी नाकारणारी. बाजारानें पहिली घेतली. कारण ती गंमतीची, झटपट होणारी आणि पाऊण तासांत मावणारी आहे. दुसरी टाकली, कारण तिला वेळ लागतो, विद्या लागते, आणि मालकाला ‘हें छापूं नका’ असें सांगण्याची छाती लागते. मराठींत या बैठकांना ‘विचारमंथन’ म्हणतात. शब्द योजणाऱ्यांनीं मूळ कथा आठवावयास हवी होती. समुद्रमंथनांत वासुकीचें एक टोंक देवांच्या हातीं होतें आणि दुसरें दैत्यांच्या. दोन्ही पक्ष उलट दिशांनीं ओढीत होते, म्हणूनच मंदार फिरला. सर्वांनीं ‘होय, आणि’ म्हणत एकाच अंगानें दोरी ओढली असती, तर दोरी हातांत आली असती आणि समुद्र जागच्या जागीं राहिला असता. शिवाय अमृताच्या आधीं हलाहल निघालें, आणि तें लोकांवर सांडूं नये म्हणून एकाला तें आपल्या कंठांत धरून ठेवावें लागलें. आमच्या कचेऱ्यांतील मंथनांत हा नीळकंठ कोण? तेथें निघालेलें हलाहल दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां प्रसिद्ध होतें.

यावर प्रतिपक्षाचें एक उत्तर ठरलेलें आहे, आणि तें अगदींच टाकाऊ नाहीं. ते म्हणतात, “अहो, साबणाच्या वडीवरचे चार शब्द ते! त्यांना शाकुंतलाची कसोटी कशाला? लहान दुकानदाराला महिन्याला तीस मजकूर हवे असतात; त्याच्यापाशीं ना पैसा, ना वेळ. आणि एकट्या लेखकाला कोरा कागद खायला उठतो, तेव्हां चार मित्रांची सोबत मिळाली तर बिघडलें कोठें?” सोबतीविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं, गप्पांतून कल्पना निघतात, आणि लाजाळू उमेदवाराला आरंभीं थोडें अभय मिळालें तर तो बोलूं लागतो, हें खरेंच आहे. पण लहान दुकानदाराला महिन्याला तीस मजकूर हवेच असतात, हें त्याला कोणीं सांगितलें? मजकूर विकणाऱ्यांनींच. त्याच्या गिऱ्हाइकानें तर तशी मागणी कधींच केलेली नाहीं.

आणि हे शब्द क्षुद्र असतात, हें तर आम्हांला मुळींच मान्य नाहीं. 1958 सालीं डेव्हिड ओगिल्व्ही यांनीं रोल्स-रॉइस मोटारीची जी जाहिरात लिहिली, तिच्यासाठीं त्यांनीं तीन आठवडे त्या मोटारीविषयीं नुसतें वाचन केलें. त्या वाचनांतून हातीं आलेली घड्याळाच्या टिकटिकीची एक बारीक गोष्ट त्या जाहिरातीचा मथळा झाली. ती भिंतीवरच्या चिठ्ठींतून निघाली नाहीं. वस्तूच्या ज्ञानांतून निघाली. जाहिरातीच्या धंद्याला स्वतःचीच अशी उजळ परंपरा असतांना त्यानें दुसऱ्यांच्या दारीं जाऊन त्यांचीं टरफलें वेंचावीं, याचें आम्हांला वाईट वाटतें.

केशतेल सोडून द्या. आपल्या घरांत येणारा मजकूर कशाकशाचा असतो? मुलाच्या शिकवणी-वर्गाचा, म्हाताऱ्यांच्या सांधेदुखीवरील औषधाचा, विम्याचा, हप्त्यावरील कर्जाचा, घराच्या आगाऊ नोंदणीचा. यांतील एकेक विशेषण एखाद्या कुटुंबाच्या दहा वर्षांच्या शिलकीला हात घालतें. ज्या बैठकींत कोणीही ‘नाहीं’ म्हणावयाचें नाहीं, त्या बैठकींत ‘गुण येतो’ या वाक्याचें ‘हमखास गुण येतो’ व्हावयास दोन मिनिटें लागत नाहींत. कारण शेपूट जोडणें हाच तेथला धर्म. मग तें ‘हमखास’ कोणाचें? सर्वांचें, म्हणजे कोणाचेंच नव्हे. 2019 सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला व तिची शिफारस करणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हां तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेविला आहे. कायदा अपराधाला धनी शोधतो. ही पद्धति धनी नाहींसा करते.

भाषेचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांतून अशा बैठका बहुधा इंग्रजींत किंवा हिंदींत होतात. मराठीच्या वांट्याला येतें तें भाषांतराचें उष्टें, आणि तेंही संध्याकाळपर्यंत हवें असतें. त्यामुळें कोणत्याही मराठी घरांत कधीं बोललें न गेलेलें एक मराठी आज आपल्या भिंतींवर, गाड्यांवर आणि हातांतील पडद्यांवर वावरत आहे. त्या बैठकींत मराठी जाणणारा एखादा तरुण असतो. पण हें वाक्य आपल्या भाषेंत उभें राहत नाहीं, असें म्हणणें म्हणजे ‘नाहीं’ म्हणणें. आणि ‘नाहीं’ला तर बंदी!

शेवटचा मुद्दा यंत्राचा. 2022 च्या अखेरीपासून मजकूर लिहून देणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं. तीस मजकूर हवेत म्हणतांक्षणींच तीस मिळतात. यंत्र थकत नाहीं, लाजत नाहीं, आणि कोणत्याही कल्पनेला शेपूट जोडावयास सदैव तयार असतें. ‘होय, आणि’ म्हणण्यांत त्याचा हात धरणारा मनुष्य नाहीं. तेव्हां वेग हाच ज्यांनीं आपल्या धंद्याचा गुण मानला, त्यांनीं आपल्या जागेचा राजीनामा आपल्याच हातानें लिहून ठेविला आहे. माणसाकडे उरतें तें दुसरेंच: वस्तूची माहिती, गिऱ्हाइकाची कींव, भाषेचा कान, आणि नकार देऊन त्याची किंमत मोजण्याची तयारी. नेमकें हेंच ही शिबिरें आमच्या तरुणांकडून काढून घेत आहेत. आपल्या मध्यम वर्गांतील कित्येक घरचीं हुशार मुलेंमुली आज या धंद्यांत आहेत. त्यांच्या लेखणीचें काय होतें, हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

उसनवारी करावयाचीच असेल तर ती पुरी करावी. प्रत्येकानें आधीं एकट्यानें बसून लिहावें, आणि मग एकत्र यावें. जेक नॅप यांची 2016 सालीं पुस्तकरूपानें आलेली पांच दिवसांची प्रसिद्ध पद्धतिसुद्धां एकेकट्याच्या कामावरच उभारलेली आहे, आणि निर्णय एका नेमलेल्या माणसाच्या हातीं ठेवते. मजकुराला एक कर्ता असावा, आणि त्याचें नांव निदान कचेरीच्या वहींत लिहिलेलें असावें. बैठकींत एक माणूस असा असावा कीं, ज्याला विकणाऱ्याच्या वतीनें नव्हे, तर घेणाऱ्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार आहे, आणि त्याच्या नकारानें मजकूर थांबतो. मराठी मजकूर मराठींतच जन्मावा. आणि महिन्याला तीसांऐवजीं तीनच निघाले तरी चालतील, असें मालकाला सांगण्याची जबाबदारी बैठकीच्या प्रमुखानें घ्यावी.

हें सारें महाग पडेल, अशी ओरड होईल. पडेलच. पण स्वस्त मजकुराचीही किंमत कोणी तरी भरीतच असतें. आजवर ती वाचणाऱ्यानें भरली आहे. यापुढें लिहविणाऱ्यानें भरावी, एवढीच आमची मागणी आहे.